आतल्या गाठीचा राष्ट्राध्यक्ष: अब्राहम लिंकन यांच्या स्वभावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अब्राहम लिंकन यांच्याविषयी वाचकांकडून जे प्रश्न येतात, त्यांत लढायांच्या तारखा किंवा निवडणुकांचे आकडे विचारणारे फार थोडे असतात. बहुतेकांना हा माणूस मुळात कसा होता हे जाणून घ्यायचे असते, आणि सांगायला सर्वांत अवघड तेच आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीची चर्चा दोनदा होऊ नये म्हणून गरज असेल तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिंकन यांच्यावर इतके लिहिले गेले आहे, तरीही त्यांना गूढ का म्हणतात?

कारण त्यांना जवळून पाहिलेल्या माणसांनीच तसे सांगून ठेवले आहे. इलिनॉय राज्यात फिरत्या न्यायालयाबरोबर गावोगाव हिंडताना ज्यांच्या सहवासात लिंकन यांनी अनेक वर्षे काढली, ते न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस म्हणाले होते की, इतका अबोल आणि मनातले लपवणारा माणूस आपण पाहिला नाही आणि पुढे पाहण्याची अपेक्षाही नाही. १८४४ पासून वकिलीत त्यांचे भागीदार असलेले विल्यम हर्नडन यांचेही मत याहून वेगळे नव्हते. लिंकन यांनी रोजनिशी ठेवली नाही आणि आत्मचरित्र लिहिण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही. १८५९ साली निवडणुकीच्या कामासाठी एका परिचिताने माहिती मागितली, तेव्हा त्यांनी मोजका मजकूर पाठवला आणि सोबत लिहिले की, यात फारसे काही नाही, कारण बहुधा माझ्यातच फारसे काही नाही.

गंमत अशी की, हाच माणूस गोष्टीवेल्हाळ म्हणून प्रसिद्ध होता. गप्प राहून मन झाकणारी माणसे निदान ओळखू तरी येतात. लिंकन भरभरून बोलत, समोरच्याला हसवत, आणि तो उठून गेल्यावर त्याच्या ध्यानात येई की आपण इतका वेळ बसलो, पण यांच्या मनातले काहीच आपल्या हाती लागले नाही. मराठीत ज्याला आपण 'आतल्या गाठीचा' म्हणतो तसा हा माणूस होता. या शब्दाला आपल्याकडे कपटाचा वास येतो, तो मात्र येथे बाजूला ठेवावा लागतो.

२. त्यांचा जीवनक्रम थोडक्यात सांगाल का?

जन्म १२ फेब्रुवारी १८०९, केंटकी राज्यातील एका लाकडी खोपटात. बालपण इंडियानात गेले आणि तरुणपण इलिनॉयमध्ये. सर्व मिळून शाळेत गेलेला काळ एक वर्षही भरत नाही. दुकानदारी, टपालाचे काम, जमिनीची मोजणी असे उद्योग करत करत ते वकील झाले आणि १८४७ ते १८४९ या काळात अमेरिकी काँग्रेसचे सदस्य राहिले. १८६० च्या निवडणुकीत चार उमेदवार उभे होते. लिंकन यांना ४० टक्क्यांहून कमी मते पडली, तरी राष्ट्राध्यक्षपद मिळाले. त्यांनी शपथ घेण्यापूर्वीच दक्षिणेतील सात राज्ये फुटून निघाली होती. एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि त्यात सुमारे ६ लाख २० हजार सैनिक मरण पावले, असा पूर्वापार अंदाज आहे. अलीकडचे अंदाज याहून मोठे आहेत. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनमधील फोर्ड नाट्यगृहात त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मृत्यू झाला.

३. लिंकन यांना नैराश्याचा आजार होता का?

आजाराचे नाव आज कोणी खात्रीने सांगू नये. गेलेल्या माणसाची नाडी दीडशे वर्षांनी तपासता येत नाही. मात्र त्यांच्या चेहऱ्यावर आणि चालण्यात खोल खिन्नता होती, याबद्दल त्यांना ओळखणाऱ्या जवळजवळ सर्वांचे एकमत आहे. ते चालत असताना त्यांच्या अंगातून उदासी ठिबकते आहे असे वाटे, असे हर्नडन यांनी लिहिले आहे.

नऊ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. विषारी झुडूप खाल्लेल्या गाईंच्या दुधातून होणारा तो आजार त्या काळी कोणाला कळतच नव्हता. पुढे १८२८ मध्ये मोठी बहीण बाळंतपणात गेली. जानेवारी १८४१ मध्ये, मेरी टॉड यांच्याशी ठरलेले लग्न मोडल्यानंतर, त्यांची अवस्था इतकी बिघडली की मित्रांनी त्यांच्या आसपासची धारदार हत्यारे काढून घेतली होती. त्याच महिन्यात त्यांनी आपल्या तेव्हाच्या भागीदाराला लिहिले की, आज जिवंत असलेल्या माणसांत सर्वांत दुःखी मी आहे आणि माझे दुःख साऱ्या मानवजातीला सारखे वाटून दिले तर पृथ्वीवर एकही हसरा चेहरा उरणार नाही. त्याच काळात ते जोशुआ स्पीड या जिवलग मित्राला म्हणाले होते की, मला मरणाची भीती नाही, पण मी जगून गेलो हे कोणाच्या लक्षात राहावे असे माझ्या हातून अजून काही घडलेले नाही. बावीस वर्षांनी, गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाल्यानंतर, त्यांनी स्पीड यांना या जुन्या बोलण्याची आठवण करून दिली. मधल्या काळात हे वाक्य त्यांच्या मनातून गेलेले नव्हते.

डिसेंबर १८६२ मध्ये युद्धात वडील गमावलेल्या एका तरुण मुलीला त्यांनी सांत्वनाचे पत्र लिहिले. आज तुला खरे वाटणार नाही, पण तुला पुन्हा बरे वाटेल, आणि हे मी पुरेशा अनुभवाने सांगतो आहे, असा त्याचा आशय आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली तापाने गेला होता. पत्रात त्याचा उल्लेख नाही. स्वतःच्या घावाकडे बोट न दाखवता 'अनुभव' एवढाच शब्द ठेवून ते पुढे जातात, आणि मला वाटते, लिंकन समजून घ्यायचे असतील तर हे पत्र पुन्हा पुन्हा वाचावे.

४. इतका खिन्न माणूस सतत विनोद कसे सांगत असे?

हसलो नाही तर जगणे शक्य होणार नाही, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या नावावर नोंदलेले आहेत. विनोद हे त्यांचे औषध होते, यात शंका नाही. पण ते त्यांचे कुलूपही होते, आणि याकडे कमी लक्ष दिले जाते. नोकरी मागायला आलेला माणूस गोष्ट ऐकून पोटभर हसत असे, आणि नकार मिळाला आहे हे त्याला दाराबाहेर गेल्यावर समजे.

२२ सप्टेंबर १८६२ रोजी त्यांनी मंत्रिमंडळाची बैठक बोलावली आणि सर्वप्रथम एका विनोदी लेखकाचा ताजा लेख मोठ्याने वाचून दाखवला. काही मंत्र्यांना ते मुळीच रुचले नाही. त्यानंतर त्यांनी दुसरा कागद काढला. त्यावर दक्षिणेतील गुलामांच्या मुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा होता.

५. वडिलांच्या अंत्यविधीला ते गेले नाहीत, हे खरे आहे का?

खरे आहे. जानेवारी १८५१ मध्ये वडील थॉमस अंथरुणाला खिळले होते. सावत्र भावाची पत्रे येत होती, आणि लिंकन बराच काळ उत्तरही देत नव्हते. अखेर त्यांनी लिहिले की, आता आमची भेट झाली तर ती सुखापेक्षा दुःखाचीच ठरण्याचा संभव अधिक आहे. पुढच्या काही दिवसांतच थॉमस वारले. पत्नी आजारी होती, हे कारण त्यांनी दिले होते आणि ते खोटे नव्हते. तरीही आपल्याकडील वाचकांना ही गोष्ट खटकते आणि ती खटकावी अशीच आहे. वडिलांनी मुलाला शेजाऱ्यांकडे मजुरीला लावून त्याची मिळकत स्वतःकडे ठेवली होती, आणि मुलाच्या वाचनाचे त्यांना फारसे कौतुक नव्हते. सावत्र आई सारा यांच्यावर मात्र लिंकन यांची अखेरपर्यंत माया होती. १८६१ साली राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेण्यास निघण्यापूर्वी ते मुद्दाम वाट वाकडी करून त्यांना भेटून आले.

६. त्यांचा संसार दुःखाचा होता का? आणि अ‍ॅन रटलेज यांची प्रेमकथा खरी आहे का?

मेरी टॉड या श्रीमंत, शिकलेल्या आणि राजकारणाची उत्तम जाण असलेल्या घरातल्या. ४ नोव्हेंबर १८४२ रोजी लग्न झाले, चार मुलगे झाले, आणि त्यांतील दोन आईवडिलांच्या डोळ्यांदेखत गेले. मेरी यांचा स्वभाव तापट होता आणि खर्चाचा हात सैल होता, याचे पुरावे आहेत. पण नवऱ्यात राष्ट्राध्यक्ष होण्याची योग्यता आहे हे त्यांना इतरांच्या कितीतरी आधी दिसले होते. महिनोन्महिने घराबाहेर राहणाऱ्या आणि घरात असतानाही स्वतःत हरवलेल्या नवऱ्याबरोबर राहणे किती कठीण असेल, याचा विचार चरित्रकारांनी फार उशिरा सुरू केला.

अ‍ॅन रटलेज ही इलिनॉयमधील न्यू सेलम या गावातील तरुणी १८३५ साली तापाने वारली आणि त्या वेळी लिंकन यांना मोठा धक्का बसला, एवढे बऱ्यापैकी विश्वासाने म्हणता येते. 'लिंकन यांनी जन्मभर तिच्यावरच प्रेम केले' हा पुढचा भाग हर्नडन यांनी १८६६ च्या व्याख्यानात मांडला, आणि त्यांचे व मेरी यांचे कधीच पटले नव्हते, हे विसरून चालत नाही (प्रश्न १६ पाहावा).

स्पीड यांच्यासोबत लिंकन जवळजवळ चार वर्षे एकाच पलंगावर झोपत, यावरूनही अनेकजण विचारतात. त्या काळी खाणावळींत आणि दुकानांच्या माळ्यांवर ही सर्वसाधारण रीत होती. एवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. स्पीड ही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोकळी मैत्री होती, हे मात्र पत्रांवरून स्पष्ट दिसते.

७. 'एकाही गुलामाला मुक्त न करता देश वाचवता आला तर मी तसे करीन', असे त्यांनी खरोखर लिहिले होते का? मग त्यांना मुक्तिदाता का म्हणायचे?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न आहे. त्यांनी तसे लिहिले होते. ऑगस्ट १८६२ मध्ये न्यूयॉर्कचे संपादक होरेस ग्रीली यांनी गुलामगिरीविरुद्ध ठोस पाऊल न उचलल्याबद्दल राष्ट्राध्यक्षांना जाहीर पत्रातून धारेवर धरले. २२ ऑगस्टच्या उत्तरात लिंकन यांनी लिहिले की, या लढ्यातील माझे मुख्य उद्दिष्ट संघराज्य वाचवणे हे आहे. एकाही गुलामाला मुक्त न करता ते साधत असेल तर मी तसे करीन, सर्वांना मुक्त करून साधत असेल तर तसे करीन, आणि काहींना मुक्त करून व काहींना तसेच ठेवून साधत असेल तर तेही करीन.

आता तारखा पाहाव्यात. त्याच्या बरोबर एक महिना आधी, २२ जुलै रोजी, त्यांनी मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळासमोर वाचला होता. परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड यांनी सुचवले की, पराभवामागून पराभव होत असताना हा जाहीरनामा काढला तर ती हतबल सरकारची आरोळी वाटेल, म्हणून एखाद्या विजयाची वाट पाहावी. लिंकन यांनी कागद खणात ठेवला. ग्रीलींना उत्तर लिहिताना तो खणातच होता. १७ सप्टेंबरला अँटिएटमच्या रणांगणावर दक्षिणेची चढाई थोपवली गेली आणि पाचव्या दिवशी प्राथमिक जाहीरनामा बाहेर आला. १ जानेवारी १८६३ रोजी तो अमलात आला.

म्हणजे ग्रीलींना लिहिलेले पत्र खोटे होते का? त्यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि खरी खुबी तेथेच आहे. गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेली डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिझुरी ही चार राज्ये हातची जाऊ नयेत, आणि देशासाठी लढायला तयार पण गुलामांसाठी लढायला नाखूश अशा उत्तरेकडील लाखो मतदारांची मने आधीच तयार व्हावीत, यासाठी त्यांनी निर्णय झाकून ठेवला आणि निर्णयामागचे तर्कशास्त्र मात्र जाहीर केले. पत्राच्या शेवटी त्यांनी आणखी एक ओळ जोडली होती. वरील भूमिका आपल्या पदाच्या कर्तव्याची आहे आणि सर्व माणसे सर्वत्र मुक्त असावीत ही आपली वैयक्तिक इच्छा बदललेली नाही, असे ती ओळ सांगते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या अवतरणात ही ओळ बहुधा गाळलेली असते.

८. जाहीरनाम्याने प्रत्यक्षात कोणीच मुक्त झाले नाही, हा आक्षेप बरोबर आहे का?

अर्धा बरोबर आहे. जाहीरनामा सेनापती या नात्याने मिळालेल्या युद्धाधिकारावर आधारलेला होता, त्यामुळे तो बंडखोर प्रदेशांपुरताच लागू झाला. वरील चार राज्ये, टेनेसी आणि उत्तरेच्या सैन्याच्या ताब्यातील काही भाग त्यातून वगळलेले होते. परंतु सैन्य जसजसे पुढे सरकले, तसतशी मुक्ती त्याच्याबरोबर चालत गेली, आणि जाहीरनाम्याने सैन्याची दारे कृष्णवर्णीयांना उघडल्यामुळे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले. युद्धाधिकारावर उभा असलेला हा हुकूम युद्ध संपताच न्यायालयात कोसळू शकतो, हे वकील असलेल्या लिंकन यांना पक्के माहीत होते. म्हणून तर त्यांनी गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीसाठी जीव टाकला. ३१ जानेवारी १८६५ रोजी ती ५६ विरुद्ध ११९ मतांनी प्रतिनिधिगृहात संमत झाली.

९. लिंकन वंशसमानता मानत होते का?

१८५८ चे लिंकन मानत नव्हते, निदान व्यासपीठावर तरी नाही. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये इलिनॉयमधील चार्ल्सटन येथील जाहीर वादसभेत त्यांनी सांगितले की, गोऱ्या व काळ्या वंशांची सामाजिक आणि राजकीय समता घडवून आणावी असे आपले मत नाही. १८४७ साली त्यांनी आपल्या गुलामांवर हक्क सांगणाऱ्या एका मालकाचे वकीलपत्रही घेतले होते आणि तो खटला ते हरले. ऑगस्ट १८६२ मध्ये, म्हणजे खणात मसुदा पडलेला असताना, त्यांनी कृष्णवर्णीय नेत्यांच्या शिष्टमंडळाला बोलावून देशाबाहेर जाऊन वसाहत करण्याचा सल्ला दिला. तो वृत्तान्त आज वाचताना मान खाली जाते.

तिकडे फ्रेडरिक डग्लस यांचा अनुभव पाहावा. स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले हे थोर वक्ते लिंकन यांचे कठोर टीकाकार होते. ऑगस्ट १८६४ मध्ये निवडणूक हरण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा लिंकन यांनी त्यांना बोलावले आणि आपले पद जाण्यापूर्वी दक्षिणेतील जास्तीत जास्त गुलामांना उत्तरेच्या हद्दीत आणण्याची योजना आखायला सांगितले. जाहीर बोलण्यात जो माणूस एकेक पाऊल मोजून टाकत होता, तो खासगीत कोणत्या काळजीने झोपत नव्हता, याची ही खूण आहे. ११ एप्रिल १८६५ च्या अखेरच्या भाषणात त्यांनी काही कृष्णवर्णीयांना, विशेषतः सैनिकांना, मताधिकार असावा असे प्रथमच जाहीरपणे म्हटले. तीन दिवसांनी त्यांच्यावर गोळी झाडणारा जॉन विल्क्स बूथ श्रोत्यांत उभा होता.

१८७६ साली डग्लस यांनी केलेले मूल्यमापन माझ्या मते अजूनही सर्वांत न्याय्य आहे. लिंकन हे प्रामुख्याने गोऱ्यांचे राष्ट्राध्यक्ष होते, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. गुलामगिरीविरोधकांच्या बाजूने पाहिले तर ते मंद आणि थंड वाटतात, आणि राज्यकर्ता म्हणून ज्या लोकभावनेचा विचार त्यांना करावा लागत होता तिच्या मापाने पाहिले तर ते वेगवान, तळमळीचे आणि ठाम होते, असा त्यांचा निर्वाळा होता. दोन्ही मापे एकाच वेळी हातात धरायची, हे वाचकांना जड जाते, पण त्याला इलाज नाही.

१०. प्रतिस्पर्ध्यांना मंत्रिमंडळात घेणे हा मनाचा मोठेपणा होता की डावपेच?

दोन्ही होते. १८६० च्या उमेदवारीसाठी त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले सिवर्ड, चेस आणि बेट्स हे तिघेही मंत्री झाले. १८५५ मध्ये सिनसिनाटीच्या एका मोठ्या खटल्यात ज्यांनी सहकारी वकील असलेल्या लिंकन यांना शब्दशः खड्यासारखे बाजूला ठेवले होते, ते एडविन स्टँटन १८६२ मध्ये युद्धमंत्री झाले. अर्थमंत्री सॅल्मन चेस १८६४ मध्ये पडद्याआडून स्वतःच्या उमेदवारीची जुळवाजुळव करत होते. लिंकन यांना सारे कळत होते. त्यांनी चेस यांचा उपयोग असेपर्यंत त्यांना ठेवले, जूनमध्ये राजीनामा अनपेक्षितपणे स्वीकारला आणि डिसेंबरमध्ये त्यांनाच सरन्यायाधीश केले.

पण सहकाऱ्यांना जवळ घेणे वेगळे आणि त्यांना मनात घेणे वेगळे. २३ ऑगस्ट १८६४ रोजी त्यांनी एक घडी घातलेला कागद मंत्र्यांपुढे ठेवला आणि आतला मजकूर न दाखवता मागे सह्या घेतल्या. निवडणूक जिंकल्यानंतर तो उघडला गेला. हे सरकार पुन्हा निवडून येण्याचा संभव फारच कमी दिसतो, आणि तसे झाल्यास नव्या अध्यक्षाशी सहकार्य करून त्याच्या शपथविधीपूर्वी संघराज्य वाचवणे हे माझे कर्तव्य राहील, असे त्यात लिहिले होते.

११. त्यांना राग येतच नसे का?

येत असे, आणि जबर येत असे. तरुणपणी त्यांनी जेम्स शील्ड्स या राजकीय विरोधकाची वर्तमानपत्रातून टोपणनावाने इतकी टर उडवली की १८४२ मध्ये प्रकरण द्वंद्वयुद्धापर्यंत गेले. लिंकन यांनी शस्त्र म्हणून लांब तलवारी निवडल्या. सहा फूट चार इंच उंचीच्या माणसाची ही निवड निरागस म्हणता येणार नाही. ऐन वेळी समेट झाला. त्यानंतर त्यांची लेखणी अशी बेफाम सुटली नाही.

प्रौढपणी ते राग कागदावर काढत आणि कागद ठेवून देत. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या विजयानंतर उत्तरेचे जनरल मीड यांनी दक्षिणेचे सेनापती ली यांच्या सैन्याला निसटू दिले, तेव्हा लिंकन यांनी त्यांना अतिशय बोचरे पत्र लिहिले. ते त्यांच्या कागदपत्रांत सापडले. पाकिटावर त्यांच्याच हस्ताक्षरात नोंद होती की, यावर सही केली नाही आणि हे पाठवलेही नाही.

१२. युद्धकाळात ते हुकूमशहासारखे वागले, असे म्हणता येईल का?

एप्रिल १८६१ मध्ये त्यांनी काँग्रेसची वाट न पाहता काही भागांत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित केला. सरन्यायाधीश टॅनी यांनी तो निर्णय बेकायदा ठरवला, आणि लिंकन यांनी तिकडे दुर्लक्ष केले. एक कायदा मोडू नये म्हणून बाकी सर्व कायदे मोडू द्यायचे का, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. हजारो नागरिक विनाखटला कैदेत राहिले. ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनी झाकू नये. दुसऱ्या बाजूला, ऐन युद्धात आणि पराभव समोर दिसत असतानाही त्यांनी १८६४ ची निवडणूक पुढे ढकलली नाही. नागरी न्यायालये चालू असताना लष्करी न्यायासनापुढे नागरिकांना उभे करणे घटनाबाह्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८६६ मध्ये दिला, आणि तो लिहिणारे न्यायमूर्ती होते प्रश्न १ मधले डेव्हिड डेव्हिस. त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमले होते लिंकन यांनीच.

१३. ते दयाळू होते, तर मग त्यांनी फाशीच्या आदेशांवर सह्या कशा केल्या?

पहाऱ्यावर झोपलेल्या किंवा रणातून पळालेल्या पोरसवदा शिपायांची शिक्षा माफ करण्यासाठी ते निमित्त शोधत असत, आणि त्यांचे सेनापती यावर वैतागत. पण ही दया सरसकट नव्हती. नथॅनिएल गॉर्डन या जहाजाच्या कप्तानाला आफ्रिकेतून माणसे पकडून आणल्याबद्दल मृत्युदंड झाला. त्याच्यासाठी मोठमोठ्यांनी रदबदली केली. लिंकन यांनी मरणाच्या तयारीसाठी दोन आठवड्यांची मुदत दिली आणि माफी नाकारली. २१ फेब्रुवारी १८६२ रोजी त्याला फाशी झाली. गुलामांच्या व्यापारासाठी अमेरिकेत फाशी गेलेला हा एकमेव माणूस. आदल्याच दिवशी विली वारला होता.

त्याच वर्षी मिनेसोटात डकोटा आदिवासींचा उठाव मोडल्यानंतर लष्करी न्यायासनाने ३०३ जणांना मृत्युदंड सुनावला. लिंकन यांनी सर्व कागद मागवले, लढाईत भाग घेणारे आणि निःशस्त्रांची कत्तल करणारे असा भेद केला आणि यादी स्वतःच्या हाताने लिहिली. २६ डिसेंबर रोजी ३८ जणांना एकाच वेळी फासावर चढवले गेले. २६० हून अधिक जण वाचले, असे सांगून चाहते थांबतात. पण त्यांपैकी कित्येक खटले काही मिनिटांत, आरोपीला वकील न देता उरकले होते, आणि अमेरिकेच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी आहे. यातील फक्त एकच अर्धा सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१४. ते धार्मिक होते का?

कोणत्याही चर्चचे सदस्य ते कधीच झाले नाहीत. १८४६ च्या निवडणुकीत नास्तिकपणाचा आरोप झाला, तेव्हा त्यांनी पत्रक काढून आपण धर्माची निंदा केलेली नाही असे सांगितले. आपण काय मानतो हे मात्र तेथेही सांगितले नाही. युद्धाच्या मध्यावर त्यांनी स्वतःपुरते एक टिपण केले. दोन्ही पक्ष देवाच्या इच्छेने वागत असल्याचा दावा करतात, आणि देवाचा हेतू दोघांच्याही हेतूहून निराळा असू शकतो, असा त्याचा गाभा आहे. ४ मार्च १८६५ च्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात हाच विचार देशासमोर आला. ऐन विजयाच्या क्षणी युद्धाला दोन्ही बाजूंच्या पापाची शिक्षा म्हणणारा दुसरा विजेता शोधावा लागेल.

१५. शाळेच्या भिंतीवर असलेले 'लिंकन यांचे हेडमास्तरांस पत्र' खरे आहे का? आणि महाराष्ट्राशी त्यांचा काही संबंध आहे का?

महाराष्ट्रातील कितीतरी शाळांत चौकटीत लावलेले आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी पाठ केलेले ते पत्र लिंकन यांचे असल्याचा कोणताही पुरावा नाही. त्यांच्या जपलेल्या लेखनात ते नाही आणि त्याची शैलीही त्यांची नाही. मजकूर सुंदर आहे, तो भिंतीवर खुशाल राहू द्यावा, फक्त खालचे नाव काढावे. मुलांशी त्यांचे वागणे तर त्या पत्रातील शिस्तीच्या अगदी उलट होते. त्यांची धाकटी मुले कचेरीतील कागद उधळत आणि वडील हसत बसत, अशी हर्नडन यांची तक्रार होती.

खरे संबंध दोन आहेत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईत वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचे भाव कडाडले. त्या पैशावर बॅक बे कंपनीसारख्यांच्या शेअरांचा जुगार रंगला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. दुसरा संबंध अधिक मोलाचा आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. अर्पण लोकांना आहे, राष्ट्राध्यक्षांना नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१६. हर्नडन यांच्यावर किती विश्वास ठेवावा?

जे त्यांनी स्वतः कचेरीत पाहिले त्यावर बराच, आणि जे त्यांनी त्यावरून ताडले त्यावर बेताचा. लिंकन यांच्या मृत्यूनंतर लगेच त्यांनी जुन्या शेजाऱ्यांच्या आणि नातलगांच्या आठवणी जमवायला सुरुवात केली. ते केले नसते तर लिंकन यांचे बालपण आज जवळजवळ कोरेच राहिले असते. पण तीस वर्षांपूर्वीच्या आठवणी सांगणारा माणूस, ज्याच्याविषयी सांगतो आहे तो दरम्यान हुतात्मा झालेला असताना, जसेच्या तसे क्वचितच सांगतो. थोरले चिरंजीव रॉबर्ट यांनी वडिलांचे कागद सरकारी ग्रंथालयाला दिले, पण आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे ते उघडू नयेत अशी अट घातली. १९४७ मध्ये ते खुले झाले. खळबळजनक काही निघेल म्हणून वाट पाहणाऱ्यांची निराशा झाली.

१७. मृत्यूच्या रात्री त्यांच्या खिशात काय होते?

चष्म्याच्या दोन जोड्या, त्यांतील एक दोऱ्याने बांधलेली, खिशातला चाकू, रुमाल, आणि पाकिटात दक्षिणेच्या बंडखोर सरकारची पाच डॉलरची नोट. या वस्तू कुटुंबाकडे राहिल्या, १९३७ मध्ये नातीने त्या ग्रंथालयाला दिल्या आणि १९७६ मध्ये त्या लोकांना पाहायला मिळाल्या. पाकिटात वर्तमानपत्रांची काही कात्रणेही होती. चार वर्षे ज्याला स्वतःच्या पक्षातील लोकांनीही माकड, विदूषक आणि जुलमी अशी नावे ठेवली होती, त्या माणसाने आपल्याविषयी चांगले लिहून आलेला मजकूर कापून, घडी घालून, कोणालाही न दाखवता जवळ बाळगला होता.